शेजारच्या सीटवरचा ब्रेक

ब्रेकबाई हे नाव तिला तिच्याच एका शिष्याने ठेवलं आणि बघता बघता सगळ्या शहराने उचललं. ड्रायव्हिंग स्कूल तिचं, गाडी तिची, शिकवणारीही तीच. असल्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो, हे तुम्ही पाहिलं असेल. तो खालून एका दांड्याने ड्रायव्हरच्या ब्रेकला जोडलेला असतो. इकडे दाबला की तिकडचाही खाली जातो. बाकीचे शिकवणारे तो दणकन दाबतात, शिकणाऱ्याचं कपाळ काचेवर आपटायचं तेवढं राहतं, आणि वर चार शब्दही ऐकावे लागतात ते वेगळेच. ब्रेकबाईची रीत तशी नव्हती. ती इतक्या अलगद दाबायची की शिकणाऱ्याला वाटावं, वा, काय वेळेवर थांबवली आपण. त्याच्या पायाखालचा ब्रेक जरासा आधीच खाली गेलेला असायचा, पण घाम फुटलेल्या माणसाला आपल्या पायाची एवढी कुठली शुद्ध. या शहरातले निम्मे ड्रायव्हर आपण जन्मजात सावध आहोत अशा समजुतीत फिरतात, आणि त्यांनी सुरुवातीचे कितीतरी ब्रेक स्वतः मारलेलेच नाहीत. हे फक्त तिला ठाऊक होतं आणि, खोटं कशाला बोला, तिला त्याचा अभिमान होता.

आता असली बाई घरी कशी असेल, तुम्हीच सांगा. घरात ब्रेक नसतो, पण पाय तर तोच ना. तिचा थोरला नुकता अठराचा झालेला, धाकटी पंधराची. थोरल्याचं वर्गात कुणाशी वाजलं, तर तो पोरगा स्वतः मिटवायला जायच्या आत ही त्या दुसऱ्याच्या आईला भेटून आलेली. धाकटी एकदा शाळेच्या नाटकात उभी राहिली, तर पहिल्या रांगेत बसून हिने ओठ हलवून तिला पुढचं वाक्य पुरवलं. बरं, पोरगी अडली असती तर गोष्ट वेगळी. तिने नुसता श्वास घेतला होता. मागच्या रांगा खदाखदा हसल्या आणि धाकटीने त्यानंतर नाटकाचं नाव काढलं नाही. ब्रेकबाईचं मत विचाराल तर आजही तेच: विसरलीच असती ती.

मुलांचा बाबा दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या शहरात कामाला गेला. भांडण नाही, आदळआपट नाही. काम मिळालंय एवढं त्याने सांगितलं, तू येतेस का हे विचारायचं राहिलं, आणि ते राहिलंच. पुढे रीतसर वेगळं होणंही झालं. शाळेमुळे मुलं तिच्याकडे राहिली. आता थोरल्याची शाळा संपली, धाकटीचीही बदलायची वेळ आली, तेव्हा बाबाने फोन केला की दोघांनाही माझ्याकडे पाठव, इथे कॉलेज चांगलं आहे, घरही मोठं आहे. ब्रेकबाई तडकली, आणि तडकलेला माणूस जे बोलू नये नेमकं तेच बोलतो. ती म्हणाली, मुलांनाच ठरवू दे. सुट्टी संपायच्या आत मुलांनी काय ते सांगायचं, असं ठरलं. फोन ठेवताना तिला वाटत होतं, बघ आता कसा तोंडावर पडतोस.

मग एका दुपारी तिने धाकटीला फोनवर बाबाशी बोलताना ऐकलं. पोरगी सांगत होती, खोलीला पिवळा रंग नको, डोळ्यांवर येतो. त्याच आठवड्यात थोरल्याने न सांगता आपलं कपाट आवरलं. अठरा वर्षांत त्या कपाटाला आपणहून हात न लावलेला मुलगा तो. ब्रेकबाईला कळून चुकलं. मुलं जाणार. दोघंही जाणार, आणि ती या घरात एकटी उरणार. आणि हे सगळं तिच्याच तोंडच्या वाक्याने होणार.

जेरीला आलेली आई काय करते? सहल काढते.

शहराच्या बाहेर पडलं की समुद्राच्या कडेने एक रस्ता जातो. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला खाली पाणी, वळणावर वळण, मध्ये एक खाडी आणि ती ओलांडायला गाड्या नेणारी फेरीबोट, आणि पुढे दीपगृह. लोक तो रस्ता बघायला कुठून कुठून येतात. ब्रेकबाईने मुलांना पहिल्या वळणापलीकडे कधी नेलं नव्हतं, कारण सुट्टीच्या दिवशीच तर शिकणारे जास्त येतात. दीपगृहानंतरही रस्ता थांबत नाही बरं का. तो तसाच पुढे थेट बाबाच्या शहरात जातो. पण ब्रेकबाईच्या बेतात तो दीपगृहापाशी संपायचा आणि गाडी मागे वळायची.

तिने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. मुलं ताटं हातात घेऊन सोफ्यावर जेवायला लागली. तिने फोनवर तिघांचा ग्रुप काढला, त्याला 'समुद्र' नाव दिलं, आणि वळणांचे फोटो टाकले. थोरल्याने एक अंगठा टाकला. धाकटी तासाभरात ग्रुपमधून बाहेर पडली, विचारलं तर म्हणाली चुकून झालं. चुकून कोणी ग्रुपमधून बाहेर पडतं होय? पण ब्रेकबाईने तिला परत आत घेतलं आणि मूग गिळून बसली.

मग तिने शिकणाऱ्यांचे सल्ले घ्यायला सुरुवात केली. बँकेतले साहेब गाडी मागे घेता घेता म्हणाले, या वयातल्या मुलांना पहाटे उठवलंत तर सहल तिथेच संपली. झालं, पहाटेचं निघणं दुपारवर गेलं. दातांची डॉक्टर चौकात गाडी बंद पाडून बसली होती, मागून हॉर्नचा गजर चाललेला, तशात तिने सांगितलं की त्यांना बोलायला लावू नका, कानात गाणी घालून बसू द्या. मग ब्रेकबाईने गाडीत गप्प कसं बसायचं याचाही बेत केला. दीपगृहाच्या पायऱ्या चढायच्या हे एका संध्याकाळी ठरलं, दुसऱ्या संध्याकाळी रद्द झालं, तिसऱ्या संध्याकाळी ज्याला हवं त्याने चढावं असं झालं. रोज नवा बेत टेबलावर यायचा आणि त्यावर थोरला म्हणायचा 'बघू', धाकटी म्हणायची 'काहीही'. या दोन शब्दांवर त्या घरात सगळी सुट्टी सरत चालली होती.

एकदा ती बाथरूममध्ये नळ सोडून रडली, म्हणजे आवाज बाहेर जाऊ नये. रडता रडताच पाणी फार वाया जातंय असं वाटून तिने नळ थोडा बारीक केला, मग आवाज जाईल म्हणून रडणंही बारीक केलं. धड रडायलाही जमेना तिला.

आणि मग एका संध्याकाळी धाकटीने, ताटावरून नजर न उचलता, विचारलं की गाडी कोण चालवणार. ब्रेकबाईला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. प्रश्न विचारला म्हणजे पोरगी मनाने निघाली की. म्हणजे काय, मीच चालवणार, असं ती म्हणाली, तशी थोरला उठला, खोलीत गेला आणि परत येऊन त्याने नकाशावर एक कार्ड ठेवलं. लायसन्स. त्याचं.

ब्रेकबाईने कार्ड उलटसुलट करून बघितलं. स्वतःच्या पोराला आपण शिकवायचं, हे तिने तो पाळण्यात असल्यापासून ठरवलेलं. दोन-तीनदा विषय काढला तेव्हा त्याने 'बघू' म्हटलं होतं, आणि ती बिचारी त्याची वाट बघत बसली होती. तिने कुठे शिकलास म्हणून विचारलं. पुलापलीकडच्या स्कूलमध्ये, बाबाने फी भरली, असं तो म्हणाला. पुलापलीकडचा तो शिकवणारा म्हणजे ठोकळ्या. ब्रेक असा दाबायचा की शिकणाऱ्याचे दात एकमेकांवर आपटावेत. या घरात वर्षानुवर्षं त्याची टिंगल चालायची.

"त्याने ब्रेक दाबला की दणका बसतो," थोरला म्हणाला. "निदान कळतं तरी."

मग पोराने आपली अट सांगितली. तो सहलीला येईल, पण सगळा रस्ता तो चालवणार, आणि शेजारचा ब्रेक आधी काढून टाकायचा. धाकटी म्हणाली, दादा चालवणार असेल तर मीही येते. ब्रेकबाईने क्षणभरही विचार केला नाही. इतके दिवस ती ज्या एका होकारासाठी जिवाचं रान करत होती तो समोरून आला होता. ती हो म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी ती थोरल्याला घेऊन गॅरेजवाल्याकडे गेली. हा गॅरेजवाला तिची गाडी पहिल्यापासून बघणारा, तिला आदराने बाई म्हणणारा. त्याने थोरल्यादेखत पेडल काढलं. दांडा काढायचा तर बरंच उघडावं लागेल, तो राहू दे, पेडलच नाही तर दाबणार काय, असं त्याने समजावलं. थोरल्याने वाकून बघितलं आणि मान डोलावली. येताना त्याने आईला आपणहून विचारलं की फेरीबोट किती वाजता सुटते.

आणि त्याच संध्याकाळी ब्रेकबाई एकटी परत गॅरेजवर गेली. दांड्याला मॅटखाली बसेल एवढी एक खुंटी लावून द्या, टाचेने दाबता आली म्हणजे झालं, असं तिने सांगितलं. गॅरेजवाल्याने हातातला पाना खाली ठेवला.

"बाई, पोराला कळेल."

"आजवर कुणाला कळलंय?" ती म्हणाली.

काय म्हणावं या बाईला? पण तिची भीती खोटी नव्हती, तेवढं तिच्या पदरात घालायला हवं. कठडा नावाला, खाली पाणी, आणि चालवणारं पोर कालपरवा लायसन्स मिळालेलं. मागे बसणार ती धाकटी. दोन्ही लेकरं एका गाडीत. तिने स्वतःला बजावलं की ती खुंटीला पायही लावणार नाही, नुसती असावी आपली. गॅरेजवाल्याने खुंटी लावून दिली, पण तिच्याकडे पाहिलं नाही.

सहलीच्या आधी पहिल्या काही वळणांवर एक चक्कर मारून बघू, असं ठरलं. लख्ख दुपार होती. थोरला चालवायला, ब्रेकबाई शेजारी, धाकटी मागे. शहर संपलं, घाट चढला, आणि एका वळणावर समुद्र एकदम समोर उघडा पडला. धाकटीने काच खाली केली. पोरगं चांगलं चालवत होतं हो. ठोकळ्याने शिकवलेलं असूनही वळणाआधी वेग उतरवत होतं, आरशात बघत होतं, उगाच घाई नाही. आणि बोलत होतं. कॉलेजबद्दल, एका मित्राबद्दल, लायसन्सच्या परीक्षेत त्याची गाडी उतारावर कशी बंद पडली त्याबद्दल. धाकटी मागून विचारत होती, फेरीबोटीत गाडीतून उतरू देतात का, दीपगृहात वरपर्यंत जाता येतं का. मी तर जाणारच वर, असंही म्हणाली. दोघं मिळून बेत करायला लागली, तिचाच बेत, पण जणू त्यांनाच सुचलेला. ब्रेकबाई गप्प बसून ऐकत राहिली. तिला एवढंच तर हवं होतं.

पुढे रस्त्याकडेला एक टेम्पो उभा होता. त्याच्या मागून एक म्हातारा सायकल ढकलत रस्त्यावर आला. अंतर भरपूर होतं. थोरल्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला, तो ब्रेककडे निघाला, आणि ब्रेकबाईची टाच खाली गेली. अगदी अलगद. गाडी सुरेख थांबत आली. म्हाताऱ्याने आभाराचा हात केला आणि रस्ता ओलांडून निघून गेला. काही म्हणजे काही झालं नाही.

थोरल्याने गाडी कडेला घेतली, बंद केली, उतरून तो आईच्या बाजूला आला आणि दार उघडून त्याने तिच्या पायाखालचं मॅट उचललं. खालची खुंटी त्याने बोटाने दाबून बघितली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

"मला दिसला होता तो."

"माहितीये मला."

"मी दाबणार होतो ब्रेक."

"हो रे राजा. दाबलाच असतास."

"दाबला असता की नाही, ते आता मला कधीच कळणार नाही," थोरला म्हणाला. "तुझ्याबरोबर राहिलो तर मला कशातलंच कधी कळणार नाही, आई."

तिने तोंड उघडलं, आणि तिला सुचलं काय, तर पण थांबली ना गाडी. बोलताक्षणी तिला स्वतःचं तोंड झोडावंसं वाटलं. थोरला मागच्या सीटवर धाकटीजवळ जाऊन बसला. गाडी घरी तिने आणली.

घरी पोहोचल्यावर त्याने सरळ सांगून टाकलं की तो बाबाकडे जाणार. रागाने नाही, शांतपणे. हे त्याने आधीच ठरवलं होतं, सहलीत सांगणार होता, असंही म्हणाला. ब्रेकबाई खुर्चीचा हात धरून उभी होती. तिने धाकटीकडे वळूनही पाहिलं नव्हतं, विचारणं तर दूरच, तोवर धाकटी म्हणाली, "मी राहतेय."

तिचा जीव भांड्यात पडला. दोघांतलं एक तर राहिलं. ती स्वयंपाकघरात गेली, उगाच भांडी हलवली, उगाच गॅस पुसला, हसू येत होतं आणि डोळेही वाहत होते. लाज वाटण्याइतका आनंद झाला होता तिला. धाकटीला काय काय आवडतं ते सगळं ती मनात जुळवायला लागली.

पाणी द्यायचं निमित्त काढून ती धाकटीच्या खोलीशी गेली तर पोरगी फोनवर बाबाला सांगत होती की रंग कुठलाही द्या, मला नकोय ती खोली. आवाज सरळ होता, पण हाताने चादरीचा काठ पिळत होती. फोन ठेवून तिने आईला दारात पाहिलं आणि लगेच हसली. ब्रेकबाईने विचारलं की खरंच राहायचंय का तुला. हो म्हणाली. का गं, असं तिने विचारलं.

"दादा गेल्यावर तू एकटी काय करशील?" धाकटी म्हणाली. "तुला नाही जमणार, आई. तुला विचारायला लागू नये ना, मीच म्हणून टाकलं आधी."

पोरीने आई कोसळायची वाट पाहिली नव्हती. आईचा चेहरा नुसता हलला, तेवढ्यात तिने ब्रेक दाबला होता. आणि किती अलगद, की दुसऱ्या कुणाला कळलंही नसतं. आई स्वयंपाकघरात खुशीत भांडी हलवत होती, तिलाही कळलं नव्हतं.

ती पलंगाच्या काठावर बसली. पाण्याचा पेला तिच्याच हातात राहिला. तिला पोरीला कवटाळून म्हणावंसं वाटत होतं की हो, नाही जमणार मला, राहा तू. शब्द अगदी ओठांवर होते. एक शब्दही खोटा नव्हता त्यात.

"तू जा," ती म्हणाली.

"आणि तू?"

"मी रडेन. मग थांबेन, किंवा नाही थांबणार. ते माझं मला कळू दे."

धाकटी तिच्या खांद्यावर डोकं टेकून हमसून हमसून रडली, आणि ब्रेकबाईने तिला गप्प केलं नाही. हे तिला फार जड गेलं. हात सारखा पाठीवरून फिरवायला उठत होता.

दुसऱ्या दिवशी ती गॅरेजवर गेली आणि तिने दांडा मुळापासून काढून घेतला. बरंच उघडावं लागलं. गॅरेजवाल्याने विचारलं, आता शिकवणार कशा? सहलीहून आल्यावर बघू, असं ती म्हणाली. थोरल्याला तिने काही समजावलं नाही, माफीचं लांबलचक बोललीही नाही. बेत बदललाय एवढंच सांगितलं. दीपगृहापाशी वळायचं नाही, सरळ पुढे बाबाच्या शहरापर्यंत जायचं. सगळा रस्ता तो चालवणार, धाकटी त्याच्या शेजारी, ती मागे. त्याने नकाशावर वाकून विचारलं की फेरीबोटीच्या अलीकडे जेवायचं की पलीकडे. तिघांनी टेबलाशी बसून ते ठरवलं. टेबलाशी, ताटं ठेवून.

मग तिने दीपगृहाजवळच्या लॉजला फोन लावला. पलीकडे एक बोलकी बाई होती. किती माणसं, असं तिने विचारलं. जाताना तीन, असं ब्रेकबाई म्हणाली.

"आणि येताना?"

"येताना एक."

बाईने ते लिहून घेतलं. मग आपुलकीने म्हणाली, एकट्याने गाडी चालवत येणार असाल तर सांभाळून या हो, वळणं फार वाईट आहेत, अशा रस्त्याला शेजारी कुणीतरी असलेलं बरं. आतल्या खोलीत मुलं बॅगा भरत होती, कुठलं पुस्तक कुणाचं यावरून त्यांचं काहीतरी चाललं होतं. ब्रेकबाईने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाही हो," ती म्हणाली. "शेजारी कुणी नसेल."